पेन ड्राइव्ह, नग एक

संघपाल टेंभुर्णेच्या घरात वस्तू हरवत नसत. त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी तो झाडूचा दांडा घेऊन कपाटाखाली पालथा पडलेला दिसला, तेव्हा त्याची बायको सरिता हातातलं काम टाकून दारात उभी राहिली. असं दृश्य रोज पाहायला मिळत नाही.

"काय शोधून राहिले जी?"

"काही नाही."

"काहीच नाही शोधाले एवढं आडवं व्हा लागते का?"

"खिळा पडला. कॅलेंडरचा."

"खिळ्यावर नंबर नव्हता का टाकला? नंबर असता तं त्यानं सोताच आवाज देला असता."

टोमणा वाया जाणारा नव्हता. संघपाल ग्रामपंचायतीत लिपिक होता. गाव कारध्याच्या पुढे, वैनगंगेच्या काठाला; नाव राहू द्या, सरपंचबाईंना छापून आलेलं आवडत नाही. अठरा वर्षांत त्याने पंचायतीच्या प्रत्येक वस्तूवर लाल मार्करने साठा क्रमांक टाकला होता. खुर्च्या, पंखे, झेंड्याची दोरी, पाणी प्यायचा गडवा, काही सुटलं नव्हतं. मार्कर हातात आला की हात आपोआप चालायचा. घरातला पाटा ‘घर/३’ होता आणि वरवंटा ‘घर/३-अ’. साठा नोंदवहीतली एक वस्तू अठरा वर्षांत इकडची तिकडे झाली नाही, हे तो लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगायचा. आणि अशा माणसाकडून एक पेन ड्राइव्ह हरवला होता. अंगठ्याच्या पेराएवढा, काळा. त्यात त्याच्या बापाचं उभं आयुष्य होतं.

बाप म्हणजे चिंधू टेंभुर्णे. वय त्र्याऐंशी, धंद्याने जाझ पियानोवादक. हे गावात सांगून पटत नसे. पियानो म्हणजे पेटीचा थोरला भाऊ, इथपर्यंत लोक यायचे; जाझपाशी येऊन थांबायचे. चिंधू स्वतः एवढंच सांगायचा, "गाणं ठरलेलं असते, पण ठरल्यासारखं वाजवाचं नाही." यावर लोक मान हलवून धानाचं विचारायचे.

चिंधूचा बाप तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीवर होता. तिथे साहेब लोकांच्या क्लबात एक पियानो होता आणि तो पुसायचं काम लहानग्या चिंधूकडे होतं. पट्ट्या पुसताना त्या वाजायच्या. चिंधू मग जास्त पुसायचा. छप्पन साली बाप त्याला दीक्षेसाठी नागपूरला घेऊन गेला. बाप परतला, चिंधू मावशीकडे राहिला. तिथे रेल्वेच्या क्लबात वाजवणारा एक गोव्याचा मास्तर त्याला भेटला, त्याने हात बसवून दिला, आणि पुढे थेट मुंबईच्या हॉटेलात नेऊन बसवलं. मॅनेजरच्या तोंडात ‘चिंधू’ बसेना, म्हणून त्याचा ‘चार्ली’ झाला. बावीस वर्षं, तीन हॉटेलं, एक तबकडी. तबकडीवर बँडमास्तरचा फोटो, बँडमास्तरचं नाव, आणि खाली बारीक अक्षरात ‘व साथीदार’. साथीदारांत चिंधू होता, असं चिंधू सांगायचा.

दुसरं रेकॉर्डिंग मात्र त्याचं स्वतःचं. हॉटेलातल्या वायरमनने एका दुपारी हॉल रिकामा असताना टेपयंत्र लावलं आणि पियानो, बास, ड्रम अशा तिघांनी चिंधूच्या सात चाली वाजवल्या. पहिलीचं नाव ‘रोवणी’, म्हणजे धानाची लावणी. ते रीळ पन्नास वर्षं ट्रंकेत पडून होतं. गेल्या वर्षी नागपुरात बँकेत नोकरी करणाऱ्या नातीने, तृप्तीने, ते एका जाणकाराकडे नेलं. तो म्हणाला, फीत एकदाच वाजेल. तसंच झालं. सात चाली पेन ड्राइव्हमध्ये उतरल्या आणि फीत कांद्याच्या सालीसारखी सुटून आली.

आता या रविवारी मुंबईहून मेघा मॅडम येणार होत्या. जुन्या हॉटेलातल्या बँडांची रेकॉर्डिंगं त्या गोळा करायच्या आणि कोणी काय वाजवलं ते शोधून नावानिशी जपून ठेवायच्या. हे तृप्तीने फोनवर सांगितलं तेव्हा म्हाताऱ्याने एकच विचारलं होतं.

"नाव बी लिहिते का?"

"हो आबाजी. पूर्ण नाव."

म्हाताऱ्याने फोन ठेवला आणि सुनेला सांगून आपला पांढरा शर्ट इस्त्री करून घेतला. तेव्हापासून तो शर्ट खुंटीवर टांगलेला होता. कपाटाखालून बाहेर येताना संघपालची नजर नेमकी त्यावर पडली आणि त्याने ती काढून घेतली.

पेन ड्राइव्ह त्याने मागच्या शुक्रवारी ऑफिसात नेला होता, कॉम्प्युटरवर एक कॉपी करून ठेवावी म्हणून. लाइन गेली, कॉम्प्युटर बंद पडला, पेन ड्राइव्ह टेबलाच्या खणात राहिला. सोमवारी दुपारपासून संघपाल भंडाऱ्याला प्रशिक्षणात अडकला. विषय होता घनकचरा व्यवस्थापन. पहाटेच निघायचं, दिवे लागल्यावर यायचं. आज गुरुवारी प्रशिक्षण संपल्यावर तो ऑफिसात डोकावला, तर खण रिकामा.

जेवताना सरिताने सासऱ्याबद्दलची आणखी एक चिंता ताटात वाढली.

"मामाजीचं काही समजून नाही राह्यलं. तीन दिवसांपासून सकाळी सात वाजताच कचऱ्याची बादली घेऊन ओट्यावर बसते. मी म्हटलं, मामाजी, हे माह्यं काम हाय. तं म्हणते, नाही, मीच टाकतो. काल बादलीत कांद्याचे दोन टरफलं होते, फकत दोन. त्याच्यासाठी आंघोळ करून, केसं विंचरून बसले!"

"वय झालं," संघपाल म्हणाला. त्याच्या मनात आलं, बापाला आता धक्का बसता कामा नये.

शुक्रवारी सकाळी सव्वासातला संघपाल टॉवेल-बनियानवर, मोरीपाशी दात घासत उभा होता. लांबून पियानो ऐकू आला.

आधी त्याला वाटलं, अपराध मनाला खातोय त्याचे हे भास. पण भास जवळ येत होते. भास चौकातून वळले, हनुमान मंदिरापाशी आले, आणि त्यांना कर्ण्याची घरघरही होती. ‘रोवणी’! डावा हात ठाय लयीत, उजवा हात इकडून तिकडे पळतोय. संघपाल ब्रशसकट बाहेर धावला. ओट्यावर बाप बसला होता, केस विंचरून, मांडीवर बादली. डोळे मिटलेले आणि दहाही बोटं बादलीच्या झाकणावर चाललेली. त्याच्यासमोरून पंचायतीची घंटागाडी गेली. गाडीच्या टपावरच्या कर्ण्यातून पन्नास वर्षांपूर्वीची मुंबईतली एक दुपार वाजत होती.

"डोमा!" संघपाल तोंडातल्या फेसातून ओरडला. "थांबव!"

गाडी थांबली नाही. डोमा हा घंटागाडीचा चालक मोठा नियमाचा माणूस होता, आणि नियम संघपालनेच काढला होता: ‘गाडी चौकातच थांबेल. मधे कोणासाठीही थांबवू नये. पदाधिकारी व कर्मचारी यांच्यासाठीसुद्धा नाही.’ खाली सही, शिक्का. डोमाने आरशात पाहिलं, साहेब टॉवेलवर पळत येताहेत; म्हणजे नियम पाळला जातो की नाही याची तपासणी चालू आहे. त्याने गाडी आणखी सरळ चालवली.

संघपाल मागे धावू लागला. पहिल्याच दारात मालनबाई उभी होती, हातात टोपली.

"आले का भाऊ? बरं झालं. जातच हा तं हे बी नेजो." आणि टोपली त्याच्या हातात आली.

"अवो, मी..."

"टोपली वापस आणजो. जावयानं देली हाय."

पुढच्या दारातून एक पिशवी आली, त्याच्या पुढच्या दारातून नारळाच्या शेंड्या. चौथ्या घरच्या सुंदरबाईने विचारलंसुद्धा नाही, टॉवेलवरच्या माणसाच्या काखेत सरळ एक पुडकं खोचून दिलं. नाही म्हणायला तोंड मोकळं हवं. त्याच्या तोंडात ब्रश होता. पुढच्या चौकात गाडी थांबली तेव्हा संघपाल चार घरांचा कचरा घेऊन तिच्यापाशी पोचला. डोमा खाली उतरला, त्याने हात जोडले आणि मग विचारलं,

"ओला कोणता हाय, सुका कोणता, साहेब?"

संघपालने ब्रश काढला. "हा पेन ड्राइव्ह कोणी देला तुले?"

"तुमीच."

"मी?"

"सोमवारी. गाडीचा जुना पेन ड्राइव्ह खराब झाला म्हणून मी आलो, तं तुमी फोनवर बोलून राह्यले होते. खणातून हा काढला, नंबर पायला, वहीत माही सही घेतली. मी चौकात लावून पायला, लगेच परत आलो, म्हटलं साहेब, याच्यात काही भलतंच वाजते. तुमी म्हटलं, नंबर बराबर हाय न? मंग वाजव."

संघपालने गाडीत वाकून पाहिलं. काळ्या पेन ड्राइव्हवर त्याच्याच लाल अक्षरात लिहिलं होतं: ‘ग्रा.पं./साठा/१५’. त्याला आठवलं. मागच्या शुक्रवारी लाइन गेली होती, हाताला काम नव्हतं आणि मार्कर टेबलावर होता.

"लोक काही बोलले नाही?"

"बोलले न. पयल्या दिवशी कचराच नाही आला. मालनबाई भांडेवाली समजून जुने लुगडे घेऊन आली. पोट्टे वाट्या घेऊन आले, कुल्फी मांगाले. दुसऱ्या दिवशी सारेच बाहेर आले, हे वाजते तरी काय म्हणून. आलेच तं कचरा बी आणला. आता तं मी वळाच्या आंधी दारात उभे राहते साहेब."

हे शेवटचं वाक्य ऐकून घ्यायला हवं होतं. पण संघपालला फक्त आपली वस्तू दिसत होती. त्याने पेन ड्राइव्ह पकडला आणि ओढला. डोमा "अगा अगा!" म्हणेपर्यंत उशीर झाला होता. पेन ड्राइव्ह लावायची खोबण सैल होती. डोमाने पेन ड्राइव्ह सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळून, वर आगकाडी खोचून बसवला होता. पट्टी तुटली, काडी उडाली, आणि पेन ड्राइव्ह बाहेर आला तो मान मुरगळलेल्या कोंबडीसारखा.

चौकात एकदम शांत झालं. सुंदरबाईच्या पलीकडची आळी अजून व्हायची होती. त्या आळीतून एकही माणूस बाहेर आला नाही.

घरच्या लॅपटॉपला संघपालने पेन ड्राइव्ह आठ वेळा लावून पाहिला. सरळ लावला, उलटा लावला, फुंकर मारून लावला. लॅपटॉपने त्याची ओळख दिली नाही. मग त्याने मोरीपाशी जाऊन हळू आवाजात तृप्तीला फोन लावला.

"तृप्ती, आबाजीचे गाणे तुह्या कॉम्प्युटरवर असन न?"

"माझ्या? बाबा, तुम्ही म्हणाले होते न, मी कॉपी करतो, नोंद ठेवतो?"

"ते तं हाय... पण तू बी ठेवली असन एखादी."

"तुम्ही म्हटल्यावर मी काहून ठेवीन? तुमच्याकडून काही हरवते का कधी!"

मग तृप्तीने नागपूरच्या त्या जाणकाराला विचारलं. तो पंधरा दिवसांनी सगळं पुसून टाकायचा, तसं पावतीवर छापलेलंच होतं.

शनिवारी सकाळी सरपंच ललिताबाईंनी संघपालला बोलावून घेतलं. तो शाबासकीच्या तयारीने गेला. निदान एक तरी गोष्ट त्या आठवड्यात त्याने जागेवर आणली होती.

"संघपालभाऊ, गाडीतलं ते वाजणं कोणी बंद केलं?"

"मीच, मॅडम. चुकून लागलं होतं. आता डोमाच्या मोबाइलवरून आपलं जुनं स्वच्छतेचं गाणं लावलं."

"काहून लावलं?"

संघपालने काखेतली वही टेबलावर ठेवली.

"त्या जुन्या गाण्यावर किती घरं कचरा देत होते? तुमच्याच वहीत हाय, वाचा. ऐंशी. या हप्त्यात किती? एकशे साठ. आणि आज? एकवीस! मालनबाई माह्या दारात येऊन भांडून गेली, म्हणते, आमची गाडी आलीच नाही. मी म्हटलं, आली होती बाई, गाणं वाजवत गेली. तं म्हणते, ते नाही, आमची गाडी. ते डुंगडुंगवाली!" ललिताबाईंनी चष्मा काढला. "मले नाही मालूम ते कायचं वाजणं हाय. सोमवारपासून ते पायजे."

त्या संध्याकाळी संघपालने पाऊण तास ओट्याच्या पायरीवर काढला. आत जाऊन सांगायचं कसं, याची वाक्यं तो मनात लिहून खोडत होता. शेवटी आत गेला. चिंधू शर्टाची बटणं तपासत होता.

"बाबा, एक सांगाचं होतं. तुमचा तो पेन ड्राइव्ह... मोडला. कॉपी नाही. माह्यानं चूक झाली."

"घंटागाडीतला?"

"तुमाले मालूम होतं?"

"सोमवारपासून. कान थकले माहे, पण मी माहा डावा हात ओळखतो न गा."

"मंग बोलले काहून नाही?"

"बोललो असतो तं तू काढून घेतला असता. तू नियमाचा माणूस." चिंधूने शर्ट पुन्हा खुंटीला लावला, खांदे सारखे केले. "आयक. बावीस वर्षं वाजवलं मी. लोक जेवत, मी वाजवो. एकदा एका साहेबानं टाळी वाजवली. मी उभा राह्यलो, मान लववली. तं त्यानं वेटरले बोलावलं होतं. चटणी पायजे होती त्याले."

संघपालला हसावं की काय कळेना. बापच हसला, तेव्हा तो हसला.

"आणि इथं? पयला सूर वाजला का चुलीवरचं टाकून माणूस बाहेर येते. साऱ्या आळीचे दरवाजे उघडते. असं मले मुंबईत एक दिवस नाही भेटलं."

"बाबा, ते कचरा टाकाले येते."

"येते तं खरी," चिंधू म्हणाला. मग जरा थांबून, शर्टाकडे न बघता बोलला, "मॅडमले कळवून दे, नका येऊ म्हणा. एवढ्या लांबून बिचारी कायले येईन."

आता मात्र स्वयंपाकघरातून सरिता बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. त्या घरात भिंती असल्या तरी तिला त्यांची अडचण नव्हती.

"लॅपटॉपमधी नाही चालत, हे समजलं. गाडीत चालते का नाही, हे पायलं का कोणी?"

बाप-लेक एकमेकांकडे बघू लागले. वीस मिनिटांत संघपाल डोमाच्या दारात होता. डोमाने पेन ड्राइव्ह उजेडात धरला, मान थोडी सरळ केली, नवी ट्यूबची पट्टी कापली, नवी आगकाडी घेतली, आणि गाडीच्या खोबणीत तो अशा काही कोनात बसवला की त्या कोनाला कुठल्याच शास्त्रात नाव नसावं. कर्ण्यातून एक सूर निघाला. डोमाने घाईघाईने आवाज बंद केला.

"चालते साहेब. पण हातच लावू नका. तुमी तं पाहू बी नका तिकडे."

रविवारी दहा वाजता मेघा मॅडम आल्या. पन्नाशीच्या, काटक, गळ्यात हेडफोन. अंगणात उभी असलेली घंटागाडी पाहून त्या आधी बाजूने निघाल्या होत्या. मग संघपालने, मान खाली घालून, हे ध्वनिमुद्रण ऐकायचं यंत्र आहे असं सांगितलं. सगळी हकिकत ऐकायला त्यांना दहा मिनिटं लागली. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी गाडीच्या वायरी तपासल्या, तार जोडायला कुठे जागा नव्हती.

"हरकत नाही," त्या म्हणाल्या. "कर्ण्यासमोर माइक लावते. जमेल तसं घेऊ. पुढचं दुरुस्तीचं मुंबईत पाहू. फक्त आजूबाजूला शांतता हवी."

"शांतताच शांतता हाय मॅडम," संघपाल म्हणाला. "आज रविवार. गाडीचा दिवसच नाही."

पांढऱ्या शर्टातला चिंधू खुर्चीवर बसला. डोमाने बटण दाबलं. ‘रोवणी’ सुरू झाली.

पंधरा मोजायच्या आत समोरचं दार उघडलं. मग त्याच्या शेजारचं. मालनबाई टोपली घेऊन धावत आली, "थांब गा डोमा, काल बी चुकवलं तुनं!" तिच्यामागे सुंदरबाई, तिच्यामागे पिशव्या, बादल्या, एक फुटका माठ. तीन दिवसांचा कचरा साठलेला; शुक्रवारी ज्या आळीत गाडी पोचली नव्हती ती आळीच्या आळी निघाली. दहा मिनिटांत टेंभुर्णेंच्या अंगणात आणि बाहेर रस्त्यावर शंभरेक माणसं उभी होती, सगळ्यांच्या हातात काही ना काही. मागून पदर खोचत सरपंच ललिताबाई आल्या, त्यांच्याही हातात डबा.

मेघा मॅडमनी यंत्र थांबवलं. त्यांचे डोळे मोठे झाले होते.

"हे सगळे... चिंधूकाकांना ऐकायला आले?"

संघपालने तोंड उघडलं. अठरा वर्षांत त्याने एक खोटी नोंद केली नव्हती. त्याने बापाकडे पाहिलं. बाप खुर्चीवरून अर्धा उठून ती गर्दी बघत होता.

"हो," संघपाल म्हणाला. "रोजच येते."

मॅडम गाडीच्या पायरीवर चढल्या आणि गर्दीला हात जोडले. हे पन्नास वर्षांपूर्वीचं वाजवणं आहे, त्या म्हणाल्या. वाजवणारे हे समोर बसलेत. पुन्हा असं नीट घेता येईल की नाही सांगता येत नाही. कृपा करून शेवटपर्यंत कोणी बोलू नये.

"हे आपल्या चिंधूबुढ्याचं हाय?" मालनबाई म्हणाली. तिने टोपली खाली ठेवली. "तरी मी म्हणो, हे हाताले ओळखीचं कसं लागून राह्यलं. रोवणीत वाकल्यावर हात चालते न बाई, तसंच चालते हे. चिमटीत रोप घ्या, खोचा, मांगं सरका."

चिंधूचे ओठ हलले. "माह्या मायचा हात हाय तो," तो म्हणाला. "एकोडीची होती. तिच्या धानाच्या बांधीत बसून पायलं मी. हॉटेलात कोणी विचारलंच नाही कधी, का डावा हात कुठून आणला म्हणून."

मग पुन्हा बटण दाबलं गेलं. आणि जे गाव ग्रामसभेत राष्ट्रगीत सोडून दुसऱ्या कशालाही गप्प बसलेलं नोंदवहीत नव्हतं, ते गाव सात चाली संपेपर्यंत बादल्या धरून उभं राहिलं. अडतीस मिनिटं. कोणी खोकलं नाही. फुटका माठ धरलेल्या माणसाचा हात अवघडला तेव्हा शेजारच्याने दुसरी बाजू धरली. चिंधूने या खेपेला डोळे मिटले नाहीत. तो एकेका माणसाकडे बघत होता, उन्हात बसलेला माणूस जसा बघतो तसा.

शेवटचा सूर विरला. मेघा मॅडमनी बोट वर करून आणखी थोडं थांबायला सांगितलं, मग यंत्र बंद केलं. कोणाला सुचेना आता काय करायचं असतं. शेवटी मालनबाईने विचारलं,

"आता टाकू का कचरा?"

आणि त्या दिवशी टाळ्या वाजल्या, त्या त्यानंतर. आधी मेघा मॅडमच्या, मग डोमाच्या, मग ज्यांचे हात रिकामे झाले त्यांच्या. चिंधू उभा राहिला. सवयीने त्याने एकदा मागे वळून पाहिलं, कोणी चटणी तर मागत नाही ना. मग त्याने मान लववली, नीट, कमरेपासून.

निघताना मॅडमनी वहीत लिहिलेलं त्याला दाखवलं: ‘पियानो आणि चाली: चिंधू टेंभुर्णे.’ त्याने ते दोनदा वाचलं. ‘चार्ली’ कुठेच नव्हता. "तुमचे लई उपकार झाले बाई," तो म्हणाला. मग डोमाचा हात धरून तेच म्हणाला, मालनबाईला म्हणाला, आणि शेवटी संघपालच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुह्या मार्करचे बी."

पेन ड्राइव्ह आजही गाडीतच आहे. मॅडमनी मुंबईहून स्वच्छ केलेली प्रत पाठवली तरी डोमाने खोबणीला कोणाला हात लावू दिला नाही. संघपालने साठा नोंदवही उघडली, क्रमांक पंधरासमोर पंचायतीचं नाव होतं त्यावर अठरा वर्षांतली पहिली रेघ मारली आणि लिहिलं: ‘पेन ड्राइव्ह, नग एक. मालक श्री. चिंधू टेंभुर्णे. त्यांच्या मेहेरबानीने वापरात.’ ललिताबाईंनी आपल्या आवाजात एक सूचना भरून घेतली. ती दर चौकात वाजते: "ओला कचरा, सुका कचरा वेगळा द्यावा. आपण आयकत आहात रोवणी. पियानोवर, आपल्या गावचे चिंधू टेंभुर्णे."

परवा सकाळी सव्वासातला गाडी चौकातून वळली तेव्हा म्हातारा केस विंचरून बादली घेऊन फाटकाकडे निघाला होता. सरिताने बादलीत डोकावून पाहिलं.

"मामाजी, कचरा तं कालच टाकला. बादलीत काहीच नाही."

"राहू दे," चिंधू चालता चालता म्हणाला. "नाव येऊन राह्यलं. तेवढं आयकून येतो."